परक्या मशीनवर

मशीन बंद पडलं म्हणून दुकानात येणाऱ्या माणसाचा जीव मशीनमध्ये नसतो, आतल्या कशात तरी अडकलेला असतो. मार्केट यार्डातल्या आडत्याला वर्षाचा हिशोब हवा असतो, डीटीपीवाल्याला लग्नसराईच्या पत्रिका, बीएडच्या मुलीला उद्या जमा करायचा प्रकल्प. ‘डबा गेला तर जाऊ द्या, आतलं वाचतंय का तेवढं बघा,’ हे वाक्य बार्शीतल्या माझ्या दुकानात इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय, की समोरच्याने बॅग काउंटरवर ठेवायच्या आतच माझा हात ड्रॉवरमधल्या पेनड्राइव्हकडे जातो.

त्या पेनड्राइव्हवरूनच मशीन चालू होतं. आतली हार्डडिस्क, तिच्यावरचं बिघडलेलं विंडोज, त्यात घुसलेले व्हायरस यांपैकी कुणालाही न उठवता पेनड्राइव्हवरची स्वतंत्र सिस्टीम रॅममध्ये चढते. मग त्याच पेनड्राइव्हवर ठेवलेली माझी औजारं, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारी पोर्टेबल सॉफ्टवेअर, मी गरजेप्रमाणे उघडतो. काम झालं की मशीन बंद करायचं, पेनड्राइव्ह काढून घ्यायचा. जे आपलं नाही त्यावर काम करायचं आणि त्यात आपलं काही मागे सोडायचं नाही, ही या पद्धतीतली गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मी हे काम शिकलो तेव्हा विंडोज एक्सपीचा जमाना होता आणि कुठल्याही दुखण्यावर एकच इलाज होता. ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणायचं. आधी गिऱ्हाइकाला विचारायचं, ‘सी ड्राइव्हमध्ये काही ठेवलंय का?’ तो म्हणायचा, ‘नाही, माझं सगळं डेस्कटॉपवर आहे.’ डेस्कटॉप हा सी ड्राइव्हमधलाच एक फोल्डर आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसायचं, आणि विचारणाराही बऱ्याचदा घाईत असायचा. किती घरांतले बारशाचे नि मुंजीचे फोटो त्या एका उत्तराने गेले असतील! माझे उस्ताद मात्र या बाबतीत कडक होते. डबा खोलून हार्डडिस्क बाहेर काढायची, दुकानातल्या मशीनला जोडायची, डाटा उतरवायचा आणि मगच पुढचं बोलायचं, असा त्यांचा शिरस्ता. पण तो काळ ऑटोरनवर पसरणाऱ्या व्हायरसांचा होता. गिऱ्हाइकाची डिस्क जोडून तिच्यावर डबल-क्लिक केलं, की दुकानाचं मशीनही अंथरूण धरायचं.

त्यावरचा उतारा पुण्याच्या तपकीर गल्लीतून आला. सुटे भाग आणायला तिथे गेलं की बूट होणाऱ्या सीडी मिळायच्या. क्लाउस क्नॉपर या जर्मन अभियंत्याने २००० साली काढलेली नॉपिक्स पहिल्यांदा चालवली तेव्हा मी थक्क झालो होतो. हार्डडिस्क नसलेल्या मशीनवरही पूर्ण लिनक्स सुरू होत होतं, खिडक्या, माऊस, ब्राउझर, सगळं. बार्ट लागरवाइ या डच माणसाने एक्सपीच्याच सीडीतून बूट होणारं छोटं विंडोज घडवायची वाट काढली, तिला आम्ही बार्टपीई म्हणायचो. आणि सगळ्यांच्या दप्तरात असायची ती हिरेन्स बूटसीडी. तिची शेवटची मूळ आवृत्ती, १५.२, २०१२ साली निघाली. हिरेन्सने आमच्या धंद्यातली एक अख्खी पिढी पोसली, हे मान्य करायलाच हवं. मात्र तिच्यातली कित्येक सॉफ्टवेअर विकतची होती आणि परवान्याची चौकशी कुणी करत नव्हतं. मला ते तेव्हाही खटकायचं. गेलेलं पार्टिशन शोधणारं टेस्टडिस्क, पुसलेले फोटो उकरून काढणारं फोटोरेक, डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो, ७-झिप ही सगळी फुकट आणि उजळ माथ्याने वापरता येण्यासारखी औजारं आहेत. चोरीचा पाना हातात धरून दुसऱ्याचा हिशोब वाचवायची आज कुणालाच गरज नाही.

सीडीची अडचण अशी, की तिच्यावर लिहिता येत नाही. नवं औजार आलं की नवी सीडी. पेनड्राइव्ह स्वस्त झाले, मशीनं त्यांच्यावरून बूट व्हायला लागली आणि ही अडचण सुटली. दुसरी सोय पोर्टेबल सॉफ्टवेअरने केली. साधं सॉफ्टवेअर इन्स्टॉल होताना सगळीकडे पसरतं. थोडं प्रोग्रॅम फाइल्समध्ये, थोडं रजिस्ट्रीत, थोडं वापरणाऱ्याच्या अ‍ॅपडाटात. पोर्टेबल सॉफ्टवेअर पालावरच्या कुटुंबासारखं आपला सगळा संसार एका फोल्डरात बांधून ठेवतं आणि फोल्डर उचलला की सगळं उचललं जातं. २००४ साली जॉन हॉलर याने फायरफॉक्सला अशा रीतीने बांधून दिलं, आणि पुढे त्यातूनच पोर्टेबलअ‍ॅप्स हा मोठा संग्रह उभा राहिला. त्यातल्या प्रत्येक सॉफ्टवेअरचा एक लाँचर असतो. तो सुरुवातीला सेटिंग आपल्या फोल्डरकडे वळवून घेतो आणि बंद होताना यजमान मशीनवर पडलेला पसारा आवरून घेतो.

वाचताना हे सोपं वाटतं. चालत्या विंडोजवर ते सोपं असतंही. पण पेनड्राइव्हवरून बूट केलेल्या विंडोजवर, ज्याला विंडोज पीई म्हणतात, हीच पोर्टेबल सॉफ्टवेअर रुसून बसतात, आणि नव्या मुलांचं घोडं नेमकं इथे अडतं. पीई हे मायक्रोसॉफ्टने इन्स्टॉलेशनसाठी आणि दुरुस्तीसाठी केलेलं काटछाट विंडोज आहे. ते रॅममध्ये एक्स नावाचा ड्राइव्ह तयार करून तिथे राहतं. मशीन बंद झालं की त्यातली रजिस्ट्री, टेम्प फाइली, सगळं जातं. बहात्तर तास सलग चाललं की ते आपोआप रीस्टार्ट होतं, म्हणजे कुणी त्याचा रोजचं विंडोज म्हणून वापर करू नये. आणि चौसष्ट बिटच्या मूळ पीईमध्ये बत्तीस बिटची सॉफ्टवेअर चालवणारा भागच नसतो. लाँचरवर क्लिक केलं की लागणारी सबसिस्टीम इथे नाही अशा अर्थाचा एक कोरडा संदेश येतो. माझ्याकडे शिकायला आलेला मुलगा अशा वेळी सरळ म्हणतो, ‘सर, सॉफ्टवेअर करप्ट आहे.’

सॉफ्टवेअर ठणठणीत असतं. पोर्टेबलअ‍ॅप्सचे लाँचर बत्तीस बिटचे असतात, म्हणून तेवढे अडतात. फोल्डरच्या आत ‘अ‍ॅप’ नावाचा फोल्डर असतो, त्यात बऱ्याच वेळा खरं चौसष्ट बिटचं सॉफ्टवेअर पडलेलं असतं. तिथे जाऊन ते थेट उघडायचं. लाँचर वगळल्यामुळे मागचा पसारा आवरणारं कुणी राहत नाही, हे खरं. पण इथे पसारा पडतो तो एक्स ड्राइव्हवर, आणि तो ड्राइव्ह मशीनबरोबरच विझणार असतो. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढलेली असते. हे जुळून आलेलं पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला झालेला आनंद घरी कुणाला समजावून सांगता आला नव्हता.

पीईत आणखी एका गोष्टीकडे मी मुलांचं लक्ष वेधतो, ती म्हणजे ड्राइव्हची अक्षरं. गिऱ्हाइकाच्या विंडोजमध्ये जो सी असतो तो इथे डी किंवा ई झालेला असतो, आणि सी हे अक्षर कुठल्या तरी लहानशा सिस्टीम पार्टिशनने बळकावलेलं असतं. अक्षरावर भरवसा ठेवून हात चालवला तर भलतंच पुसलं जाईल. म्हणून ड्राइव्ह ओळखायचा तो आकारमानावरून, आतल्या फोल्डरांवरून आणि लेबलावरून. माझ्या पेनड्राइव्हला मी रोमन लिपीत ‘औजार’ असं लेबल दिलंय. रोमन लिपीत का, ते गुरुजींच्या लॅपटॉपवरून सांगतो.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. वैराग, पांगरी, पानगाव अशा गावांत फिरून त्यांनी जात्यावरच्या ओव्या जमवल्या होत्या. बाया सांगतील तशा वहीत उतरवायच्या आणि घरी येऊन टाइप करायच्या, इन्स्क्रिप्ट कळफलकावर, युनिकोडमध्ये, कुणाच्या मदतीशिवाय. ते गेले, आणि दिवसकार्य उरकल्यावर काकू नातीला घेऊन दुकानात आल्या. लॅपटॉप चालू व्हायचा, निळ्या पडद्यावर यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता.

मी काकूंना शेजारच्या स्टुलावर बसवलं आणि पीईवरून मशीन उठवलं. डिस्क दिसली. गुरुजींच्या नावाचा फोल्डर दिसला. तो उघडला तर आत एकाखाली एक चौकोन. प्रत्येक ओळीत नुसते चौकोनच. काकूंच्या चेहऱ्याचा रंग उडाला. ‘गेलं का रे सगळं?’ त्यांनी विचारलं. ‘काही गेलं नाही, काकू. ही गावांची नावंच आहेत. या पेनड्राइव्हला मराठी अक्षरं काढता येत नाहीत एवढंच.’ साध्या पीईत देवनागरीचा फॉन्ट नसतो. फाइलचं नाव डिस्कवर जसंच्या तसं असतं, पण ते रंगवायला अक्षरांचे साचे हवेत, ते नसले की प्रत्येक अक्षराच्या जागी एक रिकामी चौकट येते. फॉन्ट पीईत मागाहून घालता येतात, आणि आता मी ते घालून ठेवलेत. त्या दिवशी मी मशीन बंद केलं आणि दुसऱ्या पेनड्राइव्हवरच्या उबुंटूने पुन्हा सुरू केलं. त्यात लोहित देवनागरी असतो. फोल्डर उघडला, आणि वैराग, पांगरी, पानगाव अशी नावं ओळीने उभी राहिली. नात ती मोठ्याने वाचायला लागली.

डिस्क मी फक्त वाचण्यापुरती जोडली होती. एक फाइल लिबरऑफिसमध्ये उघडून शाबूत आहे का ते पाहिलं. काकूंनी दोन ओळी वाचल्या आणि ती ओवी सांगणारी बाई कुणाची कोण, तिचं जातं कुठल्या पडवीत होतं, हे सांगायला लागल्या. एका फाइलीशेजारी तिच्याच नावाची, सुरुवातीला तरंगती रेघ आणि डॉलरचं चिन्ह असलेली इवलीशी फाइल होती. वर्ड नीट बंद झालं नाही की अशी खूण मागे राहते. म्हणजे मशीन बसलं तेव्हा गुरुजी त्याच फाइलीवर काम करत होते. मग मी अ‍ॅपडाटात, वर्डच्या फोल्डरात गेलो. विंडोजमध्ये हा फोल्डर लपवलेला असतो, लिनक्सला असलं लपवणं ठाऊक नाही. तिथे ऑटोरिकव्हरची फाइल होती. ती दुकानातल्या वर्डमध्ये उघडली तेव्हा सेव्ह केलेल्या प्रतीत नसलेली पानं तिच्यात मिळाली. लॅपटॉप फॉरमॅट केला असता तर ही पानं कायमची गेली असती आणि ती होती हेसुद्धा कुणाला कळलं नसतं.

कॉपी करताना ‘डायरी’ असा एक फोल्डर दिसला. मी काकूंकडे पाहिलं. ‘ते घे, पण उघडू नकोस,’ त्या म्हणाल्या. तसंच केलं.

हा प्रसंग मी मुलांना सांगतो तो पासवर्डसाठी. विंडोजचा पासवर्ड हे विंडोजच्या दाराचं कुलूप आहे. दुसऱ्या सिस्टीमवरून आलेल्या माणसाला ते दार लागतच नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर बूट होणाऱ्या पेनड्राइव्हसमोर तिच्यातलं सगळं उघडं असतं, फोटो, पत्रं, बँकेचे कागद. गिऱ्हाइकाला हे माहीत नसतं. आम्हाला माहीत असतं, म्हणून जबाबदारी आमच्यावर येते. माझ्या दुकानात नेम असा आहे, की मालक समोर बसल्याशिवाय डिस्क उघडायची नाही, तो सांगेल तेवढेच फोल्डर घ्यायचे, आणि कॉपी नीट झाली का हे पाहण्यासाठी कुठली फाइल उघडायची ते त्यालाच विचारायचं. एक जण बायकोचा लॅपटॉप घेऊन आला होता. ‘पासवर्ड विसरलीय, जरा फोटो काढून द्या,’ म्हणाला. मी म्हटलं, ‘वहिनींना घेऊन या, नाहीतर फोनवर बोलणं करून द्या.’ तो पुन्हा आला नाही. असं कुणी परत गेलं तर धंदा बुडाला असं मी मानत नाही.

आडत्यांचं काम वेगळं असतं. तिथे भावना कमी, घाई जास्त. महिन्याच्या वीस तारखेला जीएसटीचं ३बी विवरण भरायचं असतं, आणि मशीन नेमकं अठराला बसतं. टॅलीचा डाटा वाचवताना नवखा माणूस शेठच्या फर्मचं नाव टाकून शोधतो आणि काही सापडत नाही. टॅली प्रत्येक कंपनीला आकड्यांचं नाव देते, १००००, १०००१ असं, आणि त्या फोल्डरात हिशोब ठेवते. तो फोल्डर आख्खा उचलायचा, त्यातली एकही फाइल सुटी करायची नाही. कॉपीसाठी मी रोबोकॉपी वापरतो. ती पीईतच असते, आणि काय गेलं, काय अडलं याची नोंद फाइलीत लिहून ठेवते. ती नोंद मी शेठला दाखवतो, त्याच्या लेखी तोच पुरावा. टॅली मात्र पेनड्राइव्हवरून चालवायच्या भानगडीत मी पडत नाही. तिचा परवाना मशीनशी बांधलेला असतो. पेनड्राइव्हने डाटा बाहेर काढावा आणि तो मुनीमाच्या दुसऱ्या मशीनवर परवान्याच्या टॅलीत उघडावा, हीच सरळ रीत.

डीटीपीवाल्यांच्या बाबतीत गोम फॉन्टमध्ये असते. पत्रिका पेजमेकर नाहीतर कोरलड्रॉमध्ये, आणि अक्षरं जुन्या श्रीलिपीसारख्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांतली. फाइल वाचली आणि फॉन्ट राहिला तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी रोमन अक्षरांचा नि चिन्हांचा कचरा दिसतो. म्हणून पत्रिकांच्या आधी विंडोजचा फॉन्ट फोल्डर कॉपी करायचा. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

सगळ्यात जास्त धीर लागतो तो मरणाला टेकलेल्या डिस्कला. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका मुलाची डिस्क आली होती. चालू केली की टक टक असा आवाज करायची, थांबायची, पुन्हा टक टक. अशा डिस्कला विंडोजमध्ये जोडणं म्हणजे तिच्या उरल्यासुरल्या श्वासांची उधळपट्टी. फोल्डर उघडला की विंडोज छोटी चित्रं करायला लागतं, एखादा सेक्टर वाचता आला नाही की तिथेच डोकं आपटत राहतं. तिथे लिनक्स आणि जीएनयू डीडीरेस्क्यू लागतं. ते आधी डिस्कचा सहज वाचता येणारा भाग घाईने उचलतं, जिथे अडलं तो भाग सोडून पुढे जातं, आणि हाती लागण्यासारखं सगळं लागल्यावर मग त्या अवघड जागांकडे परत वळतं. कुठला तुकडा मिळाला, कुठला राहिला, याचा नकाशा एका फाइलीत लिहीत राहतं. ती फाइल मरणाऱ्या डिस्कवर ठेवायची नाही आणि रॅममध्येही नाही, वेगळ्या डिस्कवर ठेवायची.

या नकाशाचं मोल आमच्याकडे उन्हाळ्यात कळतं. भारनियमन सुरू झालं, इन्व्हर्टरने दम सोडला, मशीन बंद पडलं, तरी वीज आल्यावर तीच आज्ञा पुन्हा द्यायची. डीडीरेस्क्यू नकाशा वाचतं आणि थांबलं होतं तिथून पुढे चालू लागतं, झालेलं काम पुन्हा करत नाही. ज्याने हे लिहिलं त्याने बार्शीतला मे महिना पाहिलेला नसणार, पण सोय अगदी इथल्यासाठी केल्यासारखी आहे. त्या मुलाच्या डिस्कची प्रत पूर्ण व्हायला बरेच दिवस गेले. तो रोज संध्याकाळी येऊन पडद्यावरची टक्केवारी बघून जायचा. शेवटी थोडे सेक्टर गेलेच. प्रत नव्या डिस्कवर घेतल्यावर तिच्यावर फोटोरेक चालवलं. हे औजार फोल्डरांच्या नोंदीकडे पाहत नाही, फोटोच्या फाइलीची सुरुवात कशी असते ते ओळखून एकेक फोटो वेचतं. त्यामुळे फोटोंची नावं जातात आणि सगळ्यांना आकड्यांची नावं मिळतात. एका लग्नाचे फोटो दुसऱ्या लग्नात मिसळले होते. त्याने ते शालूंच्या रंगांवरून वेगळे केले.

औजारांची निगा हाही कामाचाच भाग आहे. पूर्वी एका पेनड्राइव्हवर सहसा एकच सिस्टीम बसायची. २०२० साली व्हेंटॉय आलं आणि ते दिवस संपले. एकदा व्हेंटॉय बसवलं की आयएसओ फाइली, म्हणजे बूट होणाऱ्या सीडीच्या अख्ख्या प्रती, साध्या फाइलींसारख्या पेनड्राइव्हवर टाकायच्या. बूट होताना यादी येते, हवी ती निवडायची. त्याच पार्टिशनवर पोर्टेबल सॉफ्टवेअरचा फोल्डर ठेवता येतो. पेनड्राइव्ह घेताना मी स्वस्तातला घेत नाही. बाजारात लिहिलेल्या आकड्याच्या पाव भागसुद्धा जागा नसलेले पेनड्राइव्ह सर्रास येतात. म्हणून नवा आणला की तो काठोकाठ भरून परत वाचून बघायचा, मग कामाला घ्यायचा. आणि एक सक्त नियम: संशयित मशीनच्या चालू विंडोजमध्ये हा पेनड्राइव्ह लावायचा नाही. मशीन पूर्ण बंद, मग पेनड्राइव्ह, मग एफ१२ किंवा त्या कंपनीची जी कळ असेल ती. झेरॉक्सच्या दुकानांतून फिरणारा शॉर्टकट व्हायरस मी अजून बघतो. खरे फोल्डर लपवून त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो. तसा बाधलेला पेनड्राइव्ह लिनक्समध्ये लावला की खरे फोल्डर आणि शॉर्टकट दोन्ही समोर दिसतात, घाबरलेला माणूस तिथेच शांत होतो.

गेल्या काही वर्षांत मात्र माझा पेनड्राइव्ह मधूनच बंद दारापाशी उभा राहायला लागलाय. नव्या लॅपटॉपवर डिस्क बिटलॉकरने आपोआप एन्क्रिप्ट झालेली येते. लिनक्सवरून बघा, पीईवरून बघा, समोर येतो तो अठ्ठेचाळीस आकड्यांच्या किल्लीचा प्रश्न. वर मी सांगितलेलं उघडेपण बघता ही गोष्ट चांगलीच आहे, आणि मी तिच्या बाजूचा आहे. चोराच्या हाती गेलेल्या लॅपटॉपमधले कागद चोराला दिसू नयेत. पण ज्याला किल्ली आहे हेच माहीत नाही, त्याचं काय? ती बहुतेक वेळा त्या माणसाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. एका मुलीचा लॅपटॉप आला होता. विकणाऱ्या दुकानदाराने चालू करून देताना स्वतःचंच कुठलं तरी खातं घातलेलं, आणि त्याचा पासवर्ड त्याला आठवत नव्हता. डिस्क धडधाकट, अभ्यास आत, आणि आम्ही दोघं बाहेर. तिला मी खोटी आशा दाखवली नाही. बिटलॉकर फोडून देतो असं सांगून पैसे घेणारे आहेत, त्यांच्याकडे जाऊ नकोस एवढं सांगितलं.

मान्य सही असलेलीच सिस्टीम सुरू होऊ देणाऱ्या सिक्युअर बूटचंही तसंच. व्हेंटॉय चालवायला त्या मशीनमध्ये एकदा त्याची किल्ली नोंदवावी लागते, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर आपली खूण राहते. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करावं तर बिटलॉकर बिथरतं आणि पुढच्या वेळी विंडोजही किल्ली मागायला लागतं. म्हणून नव्या मशीनसाठी मी उबुंटूचा वेगळा पेनड्राइव्ह ठेवलाय. त्याची सही बहुतेक मशीनना आधीच मान्य असते, काही बदलावं लागत नाही.

आता कुणी नवा लॅपटॉप चालू करून घ्यायला आला की मी खातं त्याच्याच नंबरवर, त्याच्याच हाताने उघडायला लावतो आणि बिटलॉकरची किल्ली छापून देतो. परवा मार्केट यार्डातले एक शेठ आले होते. त्यांनी दोन प्रती मागितल्या, एक मुलाकडे ठेवायला, एक घरच्या सात-बाऱ्यांच्या फायलीत लावायला. मग मी तोच लॅपटॉप माझ्या पेनड्राइव्हवरून उठवला आणि कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, ‘शेठ, हे तुम्हीच टाका. उद्या मशीन बसलं तर असंच करायचंय.’ सहा-सहा आकड्यांचे आठ गट. त्यांनी चष्मा लावला, प्रत्येक गट आधी मोठ्याने वाचला आणि मग टाकला. एके ठिकाणी तीनच्या जागी आठ पडला, किल्ली चुकीची म्हणून परत आली. दुसऱ्या खेपेला मुलाने वाचलं, त्यांनी टाकलं. डिस्क उघडली. मी ती बंद केली, पेनड्राइव्ह काढला आणि लॅपटॉप त्यांच्या हातात दिला.